अंधाऱ्या खोलीची झाली पेटी

छायाचित्रणाचा इतिहास सांगताना आपण कॅमेऱ्याची थोरवी गातो. परंतु ज्या लहानशा टाकीत फिल्म धुतली जाते, तिचे नाव क्वचितच घेतो. वास्तविक ही कला सामान्य गृहस्थाच्या घरात आली, ती पुष्कळशी या टाकीमुळेच.

१८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी व त्यांचे बंधू नारायण दाजी यांचा तिच्याशी संबंध होता. त्या काळी काचेवर ओले रसायन पसरीत आणि ते वाळण्यापूर्वीच चित्र घेऊन धुवावे लागे. आपल्याकडील उन्हाळ्यात काच लवकर वाळे; म्हणून अंधारा तंबू बरोबर वागविणे भाग पडे. पुढे १८८८ साली कोडॅक कॅमेरा आला. त्यात शंभर चित्रांची फिल्म असे, आणि ती संपली की सबंध कॅमेराच कारखान्याकडे पाठवावयाचा! सोय झाली खरी, पण निम्मी कला परक्या हाती गेली.

घरी फिल्म धुणारे लोक तांबड्या दिव्याखाली दोन्ही हातांनी ती रसायनात वरखाली करीत आणि नजरेने अंदाज बांधीत. १८९० साली हर्टर आणि ड्रिफील्ड यांनी दाखवून दिले की, चित्राचा गडदपणा निश्चित नियमांनी वाढतो. नजरेची जागा हळूहळू घड्याळाने व थर्मामीटरने घेतली. उजेडात फिल्म धुण्याचे कोडॅकचे यंत्र १९०२ साली निघाले. पुढे तांबड्या प्रकाशालाही जाणणाऱ्या फिल्मा प्रचारात आल्या, तेव्हा बंद टाकीवाचून गत्यंतर उरले नाही. १९२५ मध्ये लायका कॅमेरा बाजारात आला. त्याची छत्तीस चित्रांची दीड मीटरहून लांब फिल्म वेढ्यास वेढा न चिकटता बसावी, याकरिता सर्पिल खाचांचे रीळ हवे.

आता सुरतकराने कोणते रीळ घ्यावे? पोलादी रिळात फिल्म मधून बाहेर गुंडाळली जाते. हात बसण्यास वेळ लागतो. शिवाय ३५ मिलिमीटर व १२० या मापांसाठी रिळे वेगळी घ्यावी लागतात. प्लास्टिकचे रीळ दोन्ही मापांना जुळविता येते आणि फिल्म बाहेरून आत सरकविता येते. बडोद्यास बनलेल्या आग्फा क्लिक थ्री कॅमेऱ्यात १२० फिल्म लागे. असा कॅमेरा ज्यांच्या घरी आहे, त्यांना हा गुण मोलाचा वाटेल. मात्र हे रीळ पूर्ण कोरडे असावे लागते. आषाढ-श्रावणात तापीकाठच्या दमट हवेत ते लवकर वाळत नाही, आणि ओलसर खाचेत फिल्म मध्येच अडकते. पोलादी रीळ पुसले की पुन्हा कामास येते.

पाण्याचाही विचार हवा. रसायनांचे तक्ते बहुधा २० अंश सेल्सियसचे असतात. वैशाखात नळाचे पाणी त्याहून पुष्कळ गरम येते. बर्फ घातलेल्या पाण्याच्या परातीत ठेवलेली पोलादी टाकी चटकन गार होते, पण बाहेर काढताच तितक्याच चटकन तापते. प्लास्टिकची टाकी दोन्ही बाबतींत संथ असते.

माझ्या मते नवशिक्याने प्लास्टिकची टाकी घ्यावी, परंतु रिळे दोन घ्यावीत. म्हणजे एक वाळत असता दुसरे कोरडे सापडेल. पावसाळ्यातही वरचेवर काम करणाऱ्याने पोलादी रीळ अंगवळणी पाडावे. ३५ मिलिमीटरच्या एका फिल्मेस सुमारे ३०० मिलिलिटर व १२० च्या फिल्मेस सुमारे ५०० मिलिलिटर द्रावण मावेल, एवढी टाकी असावी.

१९६० साली उटीस स्थापन झालेला हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा कारखाना आज बंद आहे. फिल्म महाग झाली आहे. लग्नाचे वा वडीलधाऱ्यांचे चित्र एकदा टाकीत बिघडले की ते पुन्हा मिळत नाही. म्हणून एखादी वाया गेलेली फिल्म घेऊन प्रथम उजेडात, मग डोळे मिटून, दहा-वीस वेळा रिळावर चढवावी. हातांना वाट ठाऊक झाली, की मगच दिवा मालवावा.