एक तिथी, अनेक नावे : मुळशीचे मावळ आणि कोकणकिनारा यांचे सणचक्र

पुणे जिल्ह्याच्या पश्चिम सीमेवर, सह्याद्रीच्या माथ्यालगत मुळशी तालुका वसला आहे. शासकीय विभागणीने हा प्रदेश देशावर मोडतो. परंतु पाऊस, पीक आणि जमिनीची ठेवण पाहता त्याचे नाते खालच्या कोकणाशी अधिक जवळचे आहे. ताम्हिणीची वाट उतरली की रायगड जिल्हा लागतो, आणि तेथून कुंडलिकेच्या काठाकाठाने गेल्यास रेवदंडा व चौल ही प्राचीन बंदरे येतात. माथा आणि किनारा यांत अंतर थोडे असले तरी एकाच्या हाती नांगर आहे व दुसऱ्याच्या हाती जाळे आहे. दोघांचेही वर्ष एकाच नैर्ऋत्य पावसावर चालते. अशा दोन शेजारी समाजांच्या वार्षिक सणांची तुलना केली असता सणांच्या इतिहासाविषयी एक महत्त्वाची गोष्ट हाती येते. सणाची तिथी पंचांग ठरवते, पण त्याचे नाव आणि अर्थ त्या त्या ठिकाणचे काम ठरवते.

सणचक्राचा विचार करताना प्रथम हे लक्षात घेतले पाहिजे की, या प्रदेशातील माणूस कालगणनेच्या दोन पद्धती एकाच वेळी वापरीत आला आहे. शेतीची कामे नक्षत्रांवर चालतात. सूर्य एका नक्षत्रात सुमारे तेरा-चौदा दिवस असतो. म्हणून मृग दरवर्षी ७ किंवा ८ जूनच्या सुमारास लागतो आणि त्याची तारीख फारशी ढळत नाही. पावसाच्या नक्षत्रांना लोकभाषेत स्वतंत्र नावेही मिळाली आहेत. पुनर्वसूचा तो ‘तरणा’ पाऊस, पुष्याचा ‘म्हातारा’, हस्ताचा ‘हत्तीचा’. सण मात्र चांद्र तिथीवर येतात. चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असल्याने ते ऋतूपासून दरवर्षी अकरा दिवस मागे सरकते, आणि १९ वर्षांत सात अधिक मास धरून ही तूट भरून काढावी लागते. परिणामी कोणताही सण ऋतूच्या मानाने जवळजवळ एक महिना मागेपुढे होऊ शकतो. पेरणीसारखे नाजूक काम तिथीला बांधले गेले नाही, ते नक्षत्राला बांधले गेले. आणि तिथीला बांधलेले सण बहुतांशी कामाच्या दोन घाईंमधील मोकळ्या काळात बसले. या रचनेत पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव साठलेला आहे.

एकाच तिथीला अनेक नावे असणे हा या व्यवस्थेचा पहिला पुरावा होय. श्रावणातील पौर्णिमा उपाकर्म करणाऱ्यांची ‘श्रावणी’ आहे. बहीणभावांची ती ‘राखी पौर्णिमा’ आहे. सुताचे पोवते बांधणाऱ्या जुन्या घरांतून ती ‘पोवती पौर्णिमा’ म्हणून ओळखली जात असे. ‘पोवते’ हा शब्द संस्कृत ‘पवित्रक’ या शब्दाचे प्राकृतातून आलेले रूप आहे. परंतु किनाऱ्यावरील कोळ्याला या नावांपैकी एकही पुरेसे वाटले नाही. त्याच्या दृष्टीने ही ‘नारळी पौर्णिमा’, म्हणजे खवळलेला दर्या शांत होऊ लागल्याची खूण. पावसाच्या तोंडी किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या होड्या या सुमारास पुन्हा पाण्यात लोटावयाच्या, आणि त्याआधी समुद्राला नारळ अर्पण करावयाचा. चंद्र एकच असला तरी कोळ्याच्या घरी त्या दिवशी कामाची परवानगी मिळते.

आश्विनातील पौर्णिमेचीही हीच कथा आहे. ‘को जागर्ति’ या प्रश्नावरून आलेले ‘कोजागरी’ हे नाव सर्वत्र रूढ आहे. कोकणात मात्र तीच ‘नव्याची पौर्णिमा’ होते. हळवे भात तोवर तयार झालेले असते आणि नव्या लोंब्यांचे ‘नवे’ दाराला बांधले जाते. पहिल्या नावामागे देवीची कथा आहे, तर दुसऱ्यामागे शेत आहे.

याच्या उलट एकच सण वेगवेगळ्या तिथींना येणे हा दुसरा पुरावा होय. बैलांच्या सणाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. विदर्भात पोळा श्रावण अमावस्येस होतो. दक्षिण महाराष्ट्रात त्याला ‘बेंदूर’ म्हणतात व तो आषाढात येतो. कर्नाटकाच्या सीमेकडे ज्येष्ठातील ‘कर्नाटकी बेंदूर’ प्रसिद्ध आहे. मुळशी-मावळाच्या बाजूस बैलपोळा भाद्रपद अमावस्येस साजरा करण्याची पद्धत आढळते. या भेदाचे मूळ धर्मग्रंथांत शोधण्यापेक्षा चिखलात शोधणे अधिक उचित ठरेल. भातखाचराच्या प्रदेशात नांगरणी, चिखलणी आणि आवणी यांत बैलाला आषाढभर व श्रावणातही उसंत नसते. त्याचे काम संपल्यावरच त्याच्या शिंगांना रंग लागावयाचा, हा न्याय सर्वत्र एकच आहे. पिकाप्रमाणे तिथी तेवढी बदलली.

शिमग्याच्या नावात तर ऋतूच दडलेला आहे. हेमचंद्राने बाराव्या शतकात ‘देशीनाममाला’ या कोशात फाल्गुनोत्सवासाठी ‘सुगिम्हअ’ हा शब्द नोंदला आहे. संस्कृत ‘सुग्रीष्मक’ याच्याशी त्याचे नाते उघड आहे. गोव्यातील ‘शिगमो’ या रूपात ग आणि म यांचा मूळ क्रम टिकला. मराठी ‘शिमगा’ या रूपात वर्णविपर्ययाने तो उलटला. उन्हाळ्याच्या स्वागताचे हे नाव किनारा आणि माथा या दोघांनीही जपले, आणि दोन्हीकडे ते पावसापूर्वीच्या तयारीचे दार ठरले. माथ्यावर पालापाचोळा, शेण व कवळे पसरून राब भाजण्याची कामे उन्हाळ्यातच उरकावी लागतात. किनाऱ्यावर मासळी सुकवणे आणि मिठागरांतील मीठ उचलणे चालते. पुढे ‘आगोट’ लागली की घाटवाटा बंद होत. म्हणून सुकट, बोंबील आणि मीठ यांची बेगमी घाटावर त्याआधीच पोहोचणे आवश्यक असे.

या देवघेवीला धार्मिक रूपही आहे. मुळशीला लागून असलेल्या मावळ तालुक्यात कार्ले येथे एकवीरेचे स्थान आहे. चैत्र शुद्ध पक्षात, षष्ठी-सप्तमीच्या सुमारास, मुंबई, ठाणे व रायगडच्या किनाऱ्यावरील कोळी आणि आगरी समाज घाट चढून या कुलदैवतेच्या यात्रेस येतो. देवीच्या शेजारच्या चैत्यगृहातील लेखांत सोपाऱ्याहून आलेल्या दात्याचा उल्लेख आहे. बंदरातील माणसाने घाट चढून कार्ल्यास दान द्यावे, ही रीत दोन हजार वर्षांइतकी जुनी आहे. माथ्यावरील ग्रामदैवतांच्या जत्राही चैत्र-वैशाखातच भरतात. भात घरात आलेले आहे, नांगर अजून धरावयाचा नाही, आणि वाटा कोरड्या आहेत, असा हा काळ असतो.

नेमक्या याच काळात मुळशीच्या इतिहासातील सर्वांत मोठी घटना घडली. टाटा कंपनीने मुळा नदीवर वीजनिर्मितीसाठी धरण बांधावयास घेतले. त्यात सुमारे पन्नास गावांची भूमी जाणार होती. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी सत्याग्रह आरंभिला तो १६ एप्रिल १९२१ रोजी, म्हणजे रामनवमीच्या दिवशी. त्या दिवशी स्त्रीपुरुष धरणाच्या जागी येऊन बसले आणि काम थांबले. हा दिवस निवडण्यात धार्मिक भावनेचा वाटा होता हे खरेच. तथापि तो कृषिवर्षाचाही दिवस होता. श्रावणात असे घडणे कठीण होते, कारण तेव्हा प्रत्येक हात आवणीत गुंतलेला असतो. सणचक्राने जो मोकळा काळ राखून ठेवला होता, तोच प्रतिकाराचा काळ ठरला.

सत्याग्रह १९२४ पर्यंत चालला व अखेर मोडला. राजेंद्र व्होरा यांच्या अभ्यासावरून दिसते की, पुण्यातील सावकार जमीनमालकांचा कल भरपाईकडे झुकला आणि कसणाऱ्या कुळांचा आग्रह जमिनीचा होता. हा भेद सणांच्या दृष्टीनेही समजून घेण्याजोगा आहे. जमिनीची किंमत रुपयांत करता येते. परंतु राबाची जागा, ग्रामदैवताचे ठाणे, बैल ओवाळण्याचे अंगण आणि नवे बांधण्याचे दार या गोष्टी मिळून जे ‘वर्ष’ होते, त्याची भरपाई कोणत्याही कायद्यात नव्हती.

धरणाने पाण्याचीही दिशा बदलली. मुळेचे पाणी मुठा, भीमा व कृष्णा या नद्यांच्या वाटेने पूर्वसमुद्रास जात असे. १९२७ पासून ते बोगद्यांतून सुमारे ५०० मीटर खाली भिरा येथील वीजगृहात पडते आणि कुंडलिकेतून चौल-रेवदंड्याच्या खाडीस मिळते. जे पाणी पूर्वी मावळातील नदीतून वाहून जाई, ते आता ऐन उन्हाळ्यातही कोकणातील नदी वाहती ठेवते. माथा आणि किनारा यांना जोडणारी ही नवी वाट आहे. मात्र तिची वेळ विजेची मागणी ठरवते, तिथी किंवा नक्षत्र नव्हे.

किनाऱ्यावरही असाच पालट घडून आला आहे. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ चा. त्याखालील पूर्वीच्या व्यवस्थेत पावसाळी बंदी १० जूनपासून १५ ऑगस्ट किंवा नारळी पौर्णिमा, यांपैकी जे अगोदर येईल तोपर्यंत असे. आधुनिक कायद्याने लोकांची तिथी मान्य केल्याचे हे दुर्मीळ उदाहरण होय. आणि १५ ऑगस्टची मर्यादा घालून चांद्र तिथीच्या ढळण्याचीही त्याने दखल घेतली होती. २०१५ पासून पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांसाठी १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची समान बंदी आली. २०२० मध्ये नारळी पौर्णिमा ३ ऑगस्टला आली. २०२३ मध्ये अधिक श्रावणामुळे ती ३० ऑगस्टला गेली. त्या वर्षी समुद्राला नारळ वाहिला गेला तेव्हा नौकांना समुद्र खुला होऊन महिना होत आला होता.

एवढ्यावरून सण मृत झाला असे म्हणता येणार नाही. काम निघून गेल्यावरही नाव टिकते, याची साक्ष ‘शिमगा’ हा शब्दच देतो. त्यातील ग्रीष्म आज कोणास ऐकू येत नाही, तरी सण होतोच. परंतु नावाचे टिकणे आणि अर्थाचे टिकणे या भिन्न गोष्टी आहेत. केवळ पंचांग आणि पुराणे यांच्या आधारे लिहिलेला सणांचा इतिहास हा भेद दाखवू शकत नाही. त्यासाठी कोणत्या गावात कोणती तिथी कोणत्या नावाने ओळखली जाते आणि त्या दिवशी कोणते काम सुरू होते किंवा थांबते, याची गावोगाव नोंद व्हावयास हवी. मुळशीच्या जलाशयाखाली गेलेल्या गावांच्या बाबतीत ती वेळ शंभर वर्षांपूर्वीच निघून गेली. माथ्यावर उरलेल्या गावांत आणि किनाऱ्यावरील कोळीवाड्यांत ती अद्याप आहे.