आईपुढे लोटांगण



थोरांपुढे वाकणे म्हणजे पूजा तर नव्हे ना, असे धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्हाला अधूनमधून विचारले जाते. शलमोन राजा आसनावरून उठून आपल्या आईला नमन करतो (१ राजे २), ते आम्ही दाखवतो. आज नायजेरियातील योरुबा लोकांची रीत पाहू.

योरुबा मुलगा थोरांपुढे लोटांगण घालतो, अगदी छाती जमिनीला टेकवून. मुलगी दोन्ही गुडघे टेकते. (आता शहरांत पुष्कळ जण नुसते वाकतात, लग्नात मात्र नवरदेव मित्रांसह मुलीकडच्यांपुढे अजून लोटांगण घालतो.) सकाळी मोठ्यांना 'ए कारो' म्हणायचे. आपल्याकडे आजोबांना 'ए' म्हटले तर काय होईल ते सांगायला नको! तिकडे तो 'ए' म्हणजेच आपले 'अहो'. तो गाळला तर उद्धटपणा. काम करणाऱ्याला वेगळे अभिवादन, प्रवासाहून आलेल्याला वेगळे.

पण जिच्यापुढे वाकायचे ती आईच हिरावली गेली तर? १८२१ मध्ये ओशोगुन गावावर गुलाम पकडणाऱ्यांची धाड पडली. अजायी नावाचा कोवळा मुलगा आईसह पकडला गेला, मग तिच्यापासून तोडून पुन्हा पुन्हा विकला गेला. १८२२ मध्ये ब्रिटिश आरमाराने गुलामांचे जहाज अडवले आणि तो सिएरा लिओनला पोचला. १८२५ मध्ये बाप्तिस्मा घेऊन तो सॅम्युएल, म्हणजे आपला शमुवेल, क्राउदर झाला, पुढे धर्मगुरू.

१८४६ मध्ये क्राउदर मिशनकार्यासाठी आबेओकुटाला आले. मुलगा आल्याचे कळताच आई अफाला तिथे पोचली. पंचवीस वर्षे लोटली होती. त्यांनीच लिहून ठेवले आहे की दोघे एकमेकांना धरून मुकाट पाहत राहिले, आईच्या गालांवरून आसवे वाहत होती. प्रत्येक प्रसंगाला अभिवादन असलेली ती भाषा, आणि त्या घडीला एकही शब्द नाही. आम्हाला यात मानाची उणीव दिसत नाही. याकोबही एसावापुढे सात वेळा वाकला, पण एसाव धावत येऊन त्याच्या गळ्यात पडला आणि दोघे रडले (उत्पत्ती ३३).

१८६४ मध्ये क्राउदर बिशप झाले. योरुबा बायबल त्यांच्याच देखरेखीखाली तयार झाले. एकट्या वडीलधाऱ्यालाही अनेकवचन लावणाऱ्या त्या भाषेत, प्रभूच्या प्रार्थनेत मात्र स्वर्गीय पित्याला आपल्यासारखेच एकवचनी 'तू' आहे.

अफालाचा बाप्तिस्मा १८४८ मध्ये झाला. तिला नाव मिळाले हन्ना, शमुवेलाच्या आईचे.