मानकात बसणारा दोष

महूत निवृत्त होऊन बसलेला फौजी आज गेमिंग मॉनिटरवर बोलणार, हे ऐकून जुने सोबती हसतील. हसू द्या.

गेल्या दिवाळीत भाच्याचा बंगळुरूहून फोन आला. वर्षभराच्या बचतीतून त्याने सत्तावीस इंची फोर-के मॉनिटर घेतला होता. "मामा, काळा पडदा लावला की खालचा कोपरा पिवळट उजळतो. दुकानदार म्हणतो, हे मानकात बसतं."

हे वाक्य मी नोकरीत पुष्कळ ऐकलं आहे. त्याचा उगम दारूगोळ्याच्या खरेदीत आहे. गोळी तपासायची तर झाडावी लागते, आणि झाडलेली गोळी लढाईला काय कामाची? म्हणून दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने नमुना तपासणीचे तक्ते वापरले. त्यामागचं गणित बेल लॅब्समध्ये आधीच मांडलं गेलं होतं. १९५० साली त्याचं मिल-स्टँडर्ड-१०५ए झालं. लॉटमधून ठरावीक नग उचला, सदोष नग मर्यादेत असले तर सगळा लॉट पास. पलटणीसाठी हिशेब चोख आहे. पण ज्या जवानाच्या बंदुकीत ती एक गोळी अडकली, त्याच्या दृष्टीने दोष शंभर टक्के.

पडद्यांकडे येऊ. १९६८च्या ट्रिनिट्रॉन नळीत बारीक उभ्या तारांची जाळी असे. ती थरथरू नये म्हणून एक-दोन आडव्या तारा ताणलेल्या असत आणि पांढऱ्या पडद्यावर त्यांची पुसट रेघ दिसे. लोक तक्रार घेऊन जात आणि तो रचनेचाच भाग आहे हे ऐकून परत येत.

एलसीडीत मात्र खरेच दोष निघाले. २००१च्या आयएसओ १३४०६-२ मानकाने पडद्यांचे चार वर्ग केले. दुसऱ्या वर्गात दर दहा लाख ठिपक्यांमागे कायम उजळलेले दोन आणि कायम काळे दोन चालतात. फोर-के पडद्यावर ठिपके ८२,९४,४००. म्हणजे सोळा उजळ ठिपके असूनही माल पास! २००८ साली आयएसओ ९२४१-३०७ आलं, पण वर्गवारीची कल्पना टिकली. शिवाय हा हिशेब फक्त ठिपक्यांचा. चौकटीचा दाब पडून मागचा प्रकाश कडेने गळतो, तो यात मोजलाच जात नाही. ओलेडला मागचा दिवा नाही, म्हणून ही गळती नाही. तिथे स्थिर चित्राचा डाग कायमचा उमटण्याची भीती. २०२२च्या एलियनवेअर एडब्ल्यू३४२३डीडब्ल्यूवर त्या डागासाठीही तीन वर्षांची हमी दिली गेली, ती यामुळेच.

भाच्याला म्हटलं, हर्ट्झचे आकडे नंतर वाच, आधी परत करायची मुदत किती ते वाच. ठिपक्यांबद्दल कंपनीचा नियम लेखी घे. मग खोलीत अंधार कर, उजेड रोज ठेवतोस तेवढाच ठेव, खुर्चीवरून बघ. मोबाइलचा फोटो पुरावा धरू नकोस. कॅमेरा गळती फुगवून दाखवतो.

"पण मामा, बदलून आलेला याहून वाईट निघाला तर?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्याने मुदतीच्या शेवटच्या दिवशी परत पाठवला. दुसरा आला, कोपरे काळेभोर, पण वरच्या कडेला एक मेलेला ठिपका. दोन रात्री विचार करून त्याने तो ठेवला. संक्रांतीला मी गेलो तेव्हा ठिपका शोधायला मला चष्मा पुसावा लागला; त्याने मात्र न बघता बोट ठेवलं.