खांबाशी धरलेली जोड

व्यायाम सुटायला फारसे काही लागत नाही. चार दिवस ताप येतो, पाठोपाठ पाहुणे येतात, मग पाऊस झोडपतो; आणि एके दिवशी ध्यानात येते की, दोरीवरचा लंगोट केव्हाच ट्रंकेत गेला आहे. अवघड असते ते गेलेली ओढ परत आणणे. फराळाच्या ताटापुढे हा विषय काढल्याबद्दल गृहिणींनी मास्तराला क्षमा करावी. पण माणसाची ओढ जाते तशी समाजाचीही जाते, आणि ती परत कशी येते हे सांगणारा एक इतिहास आपल्या घरचाच आहे. तो मलखांबाचा.

चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लासा’त मल्लांच्या खांबाचा उल्लेख येतो. त्यानंतर काही शतके ही विद्या मागे पडल्यासारखी दिसते. पुढे पेशवाईच्या उतरत्या काळात, दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी तिला पुन्हा उभे केले. कथा अशी सांगतात की, निजामाच्या मुलखातून अली आणि गुलाब नावाचे दोन पहिलवान पुण्यास आले. त्यांच्याशी लढण्यास कोणी पुढे होईना. तरुण बाळंभटांनी आव्हान स्वीकारले, मुदत मागून घेतली आणि सप्तशृंगीच्या डोंगरावर जाऊन आराधना केली. तिथे मारुतीने वानररूपाने त्यांना खांबावरच्या पकडी दाखविल्या. मुदत भरताच त्यांनी गुलाबला चीत केले; अली लढलाच नाही.

यातला दैवी भाग ज्याने त्याने आपापल्या श्रद्धेप्रमाणे घ्यावा. मला मोलाची वाटते ती मुदत. ‘कधीतरी अंग कमवीन’ म्हणणाऱ्याचे अंग कधीच कमावले जात नाही. समोर कोणीतरी उभे असले आणि दिवस ठरलेला असला, की हातपाय आपोआप हलू लागतात.

दुसरी गोष्ट खांबाची. कुस्तीला जोड लागते, आणि बरोबरीची जोड मिळाली नाही की पहिलवानाचे मन आखाड्यावरून उडते. सागवानी किंवा शिसवी खांब हा असा जोडीदार, की जो दमत नाही, रागावत नाही आणि खाडाही करीत नाही. एरंडेल लावलेल्या त्या गुळगुळीत अंगावर मांडीची अढी घालून स्वतःचे सगळे वजन तोलायचे म्हणजे दंड, पोट, पाठ यांपैकी कोणालाही चुकारपणा करता येत नाही.

1818 साली पेशवाई बुडाली, पण खांब बुडाला नाही. शिष्यांमागून शिष्यांनी तो जपला. 1914 साली अमरावतीत स्थापन झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने 1936 साली बर्लिनला जाऊन देशी व्यायामाचे खेळ करून दाखविले. 1981 साली मलखांबाची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, आणि 2019 साली मुंबईत, शिवाजी पार्कवर, पहिली जागतिक स्पर्धा भरली. परदेशची मुलेमुली त्याच खांबाला अढी घालीत होती.

गोव्याचा आणि कोल्हापूरचा रस्ता जिथे फुटतो, त्या आमच्या पालीत मला याचा अनुभव आला. काविळीतून उठल्यावर दहा जोरही मला डोंगराएवढे वाटू लागले होते. ताकदीपेक्षा मन अधिक खचले होते. बायकोने समजावले, वैद्यांनी समजावले. काही उपयोग झाला नाही. शेवटी सातवीतली दोन पोरे दारात येऊन म्हणाली, “सर, तुम्ही काही करू नका, नुसते खांबाखाली उभे राहा. पडलो तर धरायला कोणीतरी हवे.” मी उभा राहिलो. आठवड्याने ध्यानात आले की, पडत्या पोराला धरायचे तर आपले दंडही धड हवेत. त्या रात्री मी सहा जोर काढले. दुसऱ्या दिवशी सात.

बाळंभटदादांना आव्हान देणारा भेटला, मला आधार मागणारे भेटले. दोन्हींचे काम एकच. मन आतूनच पेटेल म्हणून वाट पाहत बसणाऱ्याने एकदा दाराबाहेर बघावे. अभ्यंगस्नानाच्या पहाटे घरातल्या लहानग्याला तेल लावताना त्याला हळूच विचारावे, “उद्यापासून माझ्याबरोबर जोर काढशील का रे?” पोर ‘हो’ म्हणेल. मग मात्र सुटका नाही. ते पहाटे उठवायला येईल.