आंभोऱ्याचं पाणी आणि सातबाऱ्यावरचं नाव

आज आपण आंभोऱ्याची गोष्ट ऐकू या. कुही तालुक्यातलं, वैनगंगेकाठचं हे गाव. पाच नद्यांचा संगम आणि टेकडीवर चैतन्येश्वराचं देऊळ. मुकुंदराजांनी ‘विवेकसिंधु’ इथेच लिहिला, असं आपल्याकडे मानतात.

२२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधींनी गोसीखुर्द धरणाची पायाभरणी केली. धरण भंडारा जिल्ह्यात, पवनीजवळ. पण त्याचं पाणी मागे फुगत आपल्या कुही तालुक्यात येणार होतं. अडीच लाख हेक्टर शेती भिजेल, असं सांगितलं गेलं. ३७२ कोटींचा अंदाज हजारो कोटींवर गेला आणि काम वर्षानुवर्षं चाललं.

पाणी एका रात्रीत आलं नाही. २४५.५० मीटरच्या पातळीपर्यंत ते टप्प्याटप्प्याने चढवलं. गावं मात्र त्याआधीच मोडायला लागली. बुडिताच्या यादीत नाव आलं की कोणी नवं घर बांधत नाही, फार तर कवेलू फिरवून घेतात. सोयरीक जुळवताना पाहुणे आधी विचारतात, “गाव राहणार का?” शेत गेलं की मजुरीही जाते. नदीच्या रेतीत ढिवर बाया डांगरवाडी लावायच्या, टरबूज-काकडी विकायच्या. ती रेतीच पाण्याखाली गेली. ज्या वाडीचा सातबारा नाही, तिचा हिशेब कोण मांडणार?

गटाच्या बैठकांत आम्ही एकच गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकतो. मोबदला ज्याचं नाव त्याला, आणि नाव बहुतेक पुरुषाचं. पैसा कधी आला, कशात गेला, हे बाईला शेवटी कळलं. नव्या भूसंपादन कायद्यात विधवा, घटस्फोटित आणि परित्यक्ता बाई स्वतंत्र कुटुंब धरली जाते. पण तो लागू झाला १ जानेवारी २०१४ पासून. तोवर आपल्याकडची कितीतरी जमीन गेली होती.

आज आंभोऱ्याला मोठा पूल आहे. सुटीच्या दिवशी नागपूरची माणसं पाणी बघायला येतात. देऊळ टेकडीवर शाबूत आहे, खालचं जुनं गाव दिसत नाही.

मैत्रिणींनो, गेलेलं गाव आपण परत आणू शकत नाही. पण उद्या आपल्या शेतातून रस्ता किंवा कालवा जाऊ शकतो. १९९२ पासून लक्ष्मीमुक्ती योजना आहे. पतीने तहसीलदाराकडे अर्ज केला, तर सातबाऱ्यावर पत्नीचं नाव सहहिस्सेदार म्हणून लागतं. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने आपल्या घरचा सातबारा आणा. आपण मिळून वाचू.