हस्तलिखितापासून ब्लॉगपर्यंत

शाळेत मूल लिहिते ते बहुधा एकाच वाचकासाठी, आणि तो वाचक लाल शाईचे पेन घेऊन बसलेला असतो. निबंधाची वही तपासून परत आली की तिचे काम संपते. मुलाच्या लिहिण्याला वर्गाबाहेरचा खराखुरा वाचक मिळवून द्यावा, ही धडपड काही संगणकाने सुरू केलेली नाही. तिला शंभर वर्षांचा तरी इतिहास आहे. बेळगावातील एका मराठी माध्यमाच्या हायस्कुलात १९८६ ते २०१८ अशी बत्तीस वर्षे मी मराठी शिकवले. त्यांतील शेवटची दहा वर्षे ब्लॉगच्या सोबतीने गेली. त्या अनुभवाकडे मी या जुन्या इतिहासाचे एक प्रकरण म्हणूनच पाहतो.

पहिल्या महायुद्धात फुप्फुसाला जखम झालेला सेलेस्तँ फ्रेने हा तरुण शिक्षक १९२० मध्ये दक्षिण फ्रान्समधील बार-सुर-लू या डोंगराळ गावच्या शाळेत रुजू झाला. १९२४ मध्ये त्याने वर्गात एक लहानसे छपाईयंत्र आणले. मुले गावात हिंडत, पाहिलेले आपल्या शब्दांत लिहीत, स्वतः खिळे जुळवीत आणि छापीत. हे छापील कागद पुढे दूरच्या ब्रिटनी प्रांतातील त्रेगुंकच्या शाळेकडे टपालाने जाऊ लागले, आणि तिकडचे इकडे येऊ लागले. समुद्रकाठच्या मुलांना समजावे म्हणून डोंगरातल्या मुलांना आपले रोजचे जगणे नीट सांगणे भाग पडले. व्याकरणाचे महत्त्व त्यांना वाचकाने शिकवले.

जवळजवळ त्याच काळात, १९२४ ते १९३० या वर्षांत, साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकवीत होते. वसतिगृहातील मुलांसाठी त्यांनी हाताने लिहिलेले ‘छात्रालय’ दैनिक काढले आणि १९२८ मध्ये ‘विद्यार्थी’ मासिक सुरू केले. आपल्याकडील शाळांची हस्तलिखिते आणि भित्तिपत्रके याच वळणाची. उणीव एवढीच, की हस्तलिखिताची प्रत एकच असे आणि गॅदरिंगनंतर ती कपाटात जाई.

संगणक आला तेव्हा आमच्यापुढची अडचण लिपीची होती. १९९१ च्या युनिकोडमध्ये देवनागरीचा समावेश झाला होता खरा, पण व्यवहारात पुढे कितीतरी वर्षे प्रत्येक फाँटची संकेतावली निराळी असे. एका यंत्रावर टंकलेले मराठी दुसऱ्यावर उघडले की अगम्य चिन्हांची रास दिसे. ‘ब्लॉगर’ ही सेवा १९९९ मध्ये निघाली, मराठी विकिपीडिया २००३ मध्ये सुरू झाला. आमच्या गावी मात्र २००८ मध्येसुद्धा सायबर कॅफेतल्या संगणकावर भारतीय लिप्यांची सोय मुद्दाम सुरू करून घ्यावी लागे. या कामी आम्हांला उपयोगी पडले ते ‘बरह’. शेषाद्रिवासू यांनी १९९८ मध्ये कानडीसाठी तयार केलेल्या या प्रणालीत पुढे देवनागरीही आली. बरह म्हणजे कानडीत लेखन. आमच्या मराठी ब्लॉगची पहिली अक्षरे अशी कानडी नावाच्या साधनाने उमटली. आपल्या भागात याचे कुणाला नवल वाटू नये.

पहिले दोन महिने नववीच्या मुलांनी पाठ्यपुस्तकी निबंध टाकले. पावसाळा, माझा आवडता सण, वगैरे. कुणी उत्तर दिले नाही. मग मी सांगितले, तुमच्या घराखेरीज कुणाला ठाऊक नाही ते लिहा. वडगावातील विणकराच्या मुलीने लिहिले, की मागांच्या खडखडाटात घरात कुणाला कुणाचे ऐकू येत नाही. करंट गेला की मगच आमच्या घरात बोलणे होते. चार दिवसांनी पुण्यात स्थायिक झालेल्या एका मूळच्या वडगावकरांनी विचारले, की आपल्या गल्लीत आता किती घरांत माग उरले? पोरगी संध्याकाळभर दारोदार फिरून मोजून आली आणि तिने उत्तर लिहिले. त्या उत्तरात शुद्धलेखनाची चूक नव्हती. मी ते तपासले नव्हते.

दुसरा प्रसंग त्याहून बोलका आहे. एका मुलाने आजीच्या गाऱ्हाण्यांवर लिहिले. त्याखाली त्याच्या आईचा अभिप्राय आला. तिचे शिक्षण धारवाडकडे कानडीतून झालेले. भाषा मराठी, अक्षरे कानडी. ब्लॉगचा नियम देवनागरीचा होता, म्हणून प्रश्न वर्गापुढे ठेवला. मुलांना कानडी हा विषय होताच. त्यांनी तो अभिप्राय अडखळत मोठ्याने वाचला आणि एकमताने ठरवले, की आईची अक्षरे तशीच राहावीत, खाली मुलाने ती देवनागरीत उतरवावीत.

सारेच असे गोड नव्हते. सीमाभागातील मराठी शाळेचा ब्लॉग म्हटल्यावर भाषेवरून डिवचणारे निनावी अभिप्राय दोन्ही बाजूंनी येत. म्हणून प्रत्येक अभिप्राय मी आधी वाचून मगच प्रसिद्ध करीत असे. मुलांची आडनावे आणि छायाचित्रे देत नसे. स्कॉटलंडमधील मार्था पेन या नऊ वर्षांच्या मुलीने २०१२ मध्ये शाळेतील जेवणाची छायाचित्रे ब्लॉगवर टाकली, तेव्हा स्थानिक परिषदेने तिला मनाई केली आणि जनक्षोभ होताच ती मागे घेतली. मुलाचे लेखन चव्हाट्यावर गेले की असे वादळ उठू शकते. त्या वेळी पाठीशी मोठे माणूस असावे लागते.

समाजमाध्यमांचा अनुभव वेगळा. २००४ मध्ये आलेल्या ऑर्कुटवर मी मुलांना नेले नाही. माजी विद्यार्थी मात्र तेथे होते आणि ब्लॉगला वाचक मिळाले ते बरेचसे त्यांच्यामुळे. पुढे फेसबुकवर हीच माणसे दोन परिच्छेदांऐवजी एक अंगठा पाठवू लागली, तेही मराठी रोमन लिपीत. मुले ‘काय म्हणाले?’ विचारीत, ती ‘किती झाले?’ विचारू लागली. मी अंगठ्यांची चर्चा वर्गात कधी घेतली नाही. निदान एक ओळ लिहून पाठवणाऱ्यालाच उत्तर द्यायचे, असा मुलांशी करार केला.

या जागा कायमच्या नसतात, हेही या इतिहासाने दाखवले. २००९ मध्ये जिओसिटीज बंद झाले, ३० सप्टेंबर २०१४ रोजी ऑर्कुट, २०१९ मध्ये गूगल प्लस. म्हणून प्रत्येक वर्षाअखेरीस निवडक लेखन अभिप्रायांसह मुलांच्या हातून कागदावर उतरवून घेण्याचा परिपाठ आम्ही पहिल्या वर्षापासून ठेवला. दहा वर्षांची दहा बांधीव हस्तलिखिते शाळेच्या वाचनालयात आहेत. त्यांतल्या एका पानावर त्या आईच्या ओळी मुलाने आधी कानडीत आणि खाली देवनागरीत लिहिल्या आहेत. कानडीतील एक जोडाक्षर त्याला नीट जमलेले नाही. शेजारी आईने ते पेन्सिलीने काढून दाखवले आहे.