कोळंबीच्या खाद्यातले तेल

आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी माशाचे तेल नाक दाबून गिळले असेल. पोर अंगाने भरावे म्हणून आई-आजी ते पाजत. असेच तेल पाळीव कोळंबीलाही लागते, हे कळायला मात्र माणसाला बराच काळ जावा लागला.

गोष्ट जपानची. तिथे कुरुमा जातीच्या कोळंबीला फार मान. ती जिवंतच बाजारात येते. मोतोसाकु फुजिनागा यांनी १९३० च्या दशकात तिची अंडी टाकीत उबवली. पिल्ले निघत आणि मरत. ती खातात काय, हेच कोडे होते. अखेर स्केलेटोनेमा हे नुसत्या डोळ्यांना न दिसणारे समुद्री शेवाळ त्यांनी टाकीत वाढवले आणि पिल्ले तगली. १९४२ मध्ये, ऐन महायुद्धात, त्यांनी हे सारे प्रसिद्ध केले.

पुढे १९६० च्या दशकात सेतो समुद्राकाठच्या पडीक मिठागरांत कोळंबीची शेती उभी राहिली. खाद्य म्हणून आपल्या तिसऱ्यांच्या जातकुळीतल्या शिंपल्यांचे मांस घालत. कोळंबी झकास वाढे, पण शिंपले महाग आणि उरलेल्या मांसाने पाणी सडे. मग गोळीखाद्याचा शोध सुरू झाला.

इथेच तेलाची गंमत आहे. कागोशिमा विद्यापीठात अकिओ कानाझावा आणि शिन-इची तेशिमा यांनी १९७० च्या दशकात कोळंबीला कोणती स्निग्ध द्रव्ये लागतात ते एकेक करून तपासले. खाद्य तेच ठेवायचे, फक्त तेल बदलायचे. सोयाबीन तेलावरची कोळंबी खुरटायची, समुद्री तेलावरची वाढायची. कारण ईपीए आणि डीएचए ही मेदाम्ले तिला पुरेशी बनवताच येत नाहीत. समुद्रातल्या शेवाळातून आणि माशांतून ती आयती मिळतात. आपण डॉक्टरांच्या धाकाने टाळतो ते कोलेस्टेरॉलही तिला बाहेरूनच हवे. कात टाकण्याचे संप्रेरक त्यातूनच तयार होते, आणि कात टाकल्याशिवाय कोळंबी वाढणार कशी? गंमत म्हणजे ज्या सोयाबीनचे तेल नापास झाले, त्याच सोयाबीनमधले लेसिथिन पिल्लांना जगवते असे आढळले. आणि तेल जास्त झाले तरी वाढ मंदावतेच.

१९९० च्या दशकात कोकणच्या खाड्यांवर टायगर कोळंबीची तळी खोदली गेली, तेव्हा आमच्या ओळखीच्या एका तळेवाल्याने विचारले होते, "शेंगतेल चोळून गोळ्या टाकल्या तर नाही का चालणार?" प्रश्न खुळा नव्हता. या धंद्यात निम्म्याच्या आसपास खर्च एकट्या खाद्याचा. मी त्याला कागोशिमाची हकिकत सांगितली. त्याने मान हलवली आणि माशाच्या तेलाचा भाव विचारला.

भाव हेच खरे दुखणे. शंभर किलो लहान मासळीतून सरासरी पाचेक किलो तेल निघते. ही मासळी मुख्यतः पेरूच्या किनाऱ्यावरची अँकोव्ही, आपल्याकडे तारली. पिलांचे प्रमाण फार दिसल्यामुळे पेरूने २०२३ मध्ये अँकोव्हीचा पहिला हंगामच रद्द केला आणि जगभर तेल कडाडले. आता टाक्यांत वाढवलेल्या सूक्ष्म शेवाळापासून डीएचएचे तेल काढतात आणि कोळंबीच्या खाद्यात वापरूनही पाहतात. फुजिनागांनी पिल्लांसमोर ठेवले होते तेही शेवाळच होते.